आधी वरडायचं

चांगुणाताईंबद्दल सांगायचं तर आधी आमच्या खोलीबद्दल सांगावं लागेल, आणि खोलीबद्दल बोलायला लागलो की माझं डोकं तापतं. लातूरला औसा रोडवर शेषेराव सरांच्या क्लासची तीन मजली इमारत आहे. खाली अकरावी-बारावीची पोरं, मधल्या मजल्यावर रिपीटर, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी, आणि सगळ्यात वर आम्ही. आम्ही म्हणजे चाळीसेक बाया आणि त्यांच्यात मी एकटा मार्तंड. पूर्वी मी याच इमारतीत फिजिक्स शिकवायचो. लॉकडाउनमध्ये वर्ग ओस पडले, तेव्हा शेषेराव सरांनी कुठून कुठून खटपट करून युरोपातल्या एका छोट्या देशाचं काम मिळवलं. देशाचं नाव कुठं घेणार नाही, अशी माझ्याकडून सही घेतलेली आहे, म्हणून घेत नाही.

काम साधं. तिकडची मुलं आपापल्या घरी बसून परीक्षा देतात, लॅपटॉपचा कॅमेरा चालू असतो, आणि त्यांचं चित्र जसंच्या तसं लातुरात आमच्या पडद्यावर येतं. कुणी कॉपी करतंय का, एवढं आमच्या बायांनी बघायचं. एका बाईपुढं सहा चौकोन, सहा पोरं. तिकडं सकाळ असते तेव्हा आमच्याकडं जेवणं झालेली असतात, त्यामुळं डोळ्यावर झापड येते, तीही येऊ द्यायची नाही. लातूरनं इतकी वर्षं बाहेर डाळ पाठवली, आता नजर पाठवतं. पण नजरेवर जेवढे कायदे आहेत तेवढे डाळीवर कधी नव्हते.

पोरांचं चित्र त्यांच्या देशाबाहेर साठवायचं नाही, नुसतं बघायचं. पोराचं नाव आम्हाला कळता कामा नये, फक्त नंबर. मोबाइल दाराबाहेरच्या कपाटात. टेबलावर पेनसुद्धा नको, न जाणो एखादी बाई काहीतरी उतरवून घ्यायची. परीक्षा सुरू होताना हेडफोनवरून तीन ठरलेली इंग्रजी वाक्यं बोलायची: कॅमेरा फिरवा, टेबल दाखवा, सुरू करा. त्यानंतर बोलायच्या बटणाला परीक्षा संपेपर्यंत हात लावायचा नाही. काही वावगं दिसलं तर पिवळं बटण दाबायचं, पुढचं तिकडची माणसं बघतील. हे सगळं पाळलं जातं का, हे बघायला तिकडच्या सरकारचं एक देखरेख कार्यालय आहे. त्यांचा एक मुका कॅमेरा आमच्या पाठीमागं भिंतीवर बसवलेला आहे. म्हणजे आम्ही पोरांवर नजर ठेवायची आणि त्यांनी आमच्यावर. या कार्यालयाला उत्तरं देणारा माणूस मी. केंद्रप्रमुखही मीच आणि नियमपालन अधिकारीही मीच. बायको म्हणते, घरात एक नियम पाळत नाही आणि बाहेर अधिकारी.

तर या खोलीतली सगळ्यात चांगली नजर चांगुणाताईंची होती. डी.एड. झालेल्या, पण ज्या वर्षी त्या पास झाल्या त्या वर्षापासून शिक्षकभरतीच थांबली. मग शेषेराव सरांच्या क्लासमध्ये दर रविवारच्या टेस्टला त्या सुपरव्हिजन करायला लागल्या. दीडशे पोरांच्या हॉलमध्ये बाई एक शब्द बोलायची नाही. नुसती दारापाशी उभी राहायची आणि पोरं आपोआप सरळ बसायची. कॉपी करणारं पोर आधी खाली बघत नाही, आधी सुपरव्हायझरकडं बघतं, हे मला त्यांनीच सांगितलं. वरच्या खोलीत त्या आल्या तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी डोकेदुखी कमी झाली.

एकच गोष्ट मला खटकायची. बाकीच्या बाया पोरांच्या डोळ्यांकडं बघायच्या. चांगुणाताईंची नजर मधूनच पोराच्या पाण्याच्या पेल्यावर जायची. तिकडच्या नियमात परीक्षेला पाण्याचा एक पारदर्शक पेला जवळ ठेवता येतो. सहा चौकोनांतल्या सहा पेल्यांवरून ही बाई दर थोड्या वेळानं डोळे फिरवायची. मी एकदा विचारलं, "ताई, पेल्यात काय लिहिलेलं असतंय का?"

"न्हाई सर," त्या म्हणाल्या. "सवय हाय."

ही सवय कुठली, ते मला नीलम्मानं सांगितलं. नीलम्मा निलंग्याकडची, शेजारच्या टेबलावर बसायची, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

चांगुणाताईंचं माहेर तेरणेकाठचं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पण त्या भूकंपाच्या आधी वर्षभर जमीन गुरगुरत होती, हे लातूरबाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. मधूनच भांडी वाजायची, पत्रे थरथरायचे. त्यांचे वडील व्यंकटराव, शेतमजुरी करणारा माणूस, त्यांनी पाण्याच्या घागरीवर पितळी पेला काठोकाठ भरून ठेवायचा रिवाज सुरू केला. रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच्यावर एक डोळा. पेल्यातलं पाणी सांडलं, की व्यंकटराव जीव खाऊन ओरडायचे, "भाईर! भाईर!" आणि गावाबाहेरची आख्खी बौद्ध वस्ती पांघरुणं घेऊन रस्त्यावर. वीस वेळा काही व्हायचं नाही. कधी मांजर पेला लवंडवायचं, कधी बैल घागरीला अंग घासायचा. लोकांनी त्यांचं नाव भाईर-व्यंकट पाडलं. त्यांची बायको लाजेनं अर्धी व्हायची. ते म्हणायचे, आपल्या घरात असंच. आधी वरडायचं, मग लाजायचं.

ज्या पहाटे खरोखर झालं, त्या पहाटे गाव गणपती बुडवून दमून झोपलेलं होतं. व्यंकटराव ओरडले. वस्ती सवयीनं, शिव्या घालत, बाहेर आली आणि वाचली. गावातली दगडमातीची मोठी घरं तोवर बसली होती. चांगुणाताईंची शाळेतली मैत्रीण राजश्री त्यातल्याच एका घरात होती. "बाचा आवाज तितवर जात न्हवता," एवढंच चांगुणाताई त्यावर बोलतात. वस्तीपासून गाव तसं लांब नव्हतं, पण होतं तेवढं पुरेसं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. तिकडं त्यांच्या वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा होती. आपल्याकडं जशी नीट, तशीच ती. चांगुणाताईंच्या सहा चौकोनांत एक पिवळ्या पडद्याच्या खोलीतली मुलगी होती. केस वर बांधलेले, पेन्सिल चावायची सवय, निम्मा पेपर सोडवून झालेला. मी दाराजवळ उभा होतो. एकाएकी चांगुणाताई खुर्ची मागं सारून उभ्या राहिल्या, तिच्या चौकोनाचं बोलायचं बटण दाबलं आणि खोली हादरेल अशा आवाजात ओरडल्या, "भाईर! ए पोरी, भाईर पळ!"

मुलीला मराठी कळणार नव्हतं, पण त्या आवाजात जे होतं ते तिला कळलं. पांढरी फटक पडली, उठली आणि पळाली. पडद्यावर रिकामी खुर्ची, पिवळा पडदा आणि पाण्याचा पेला. पेल्यात अजून वर्तुळं उठत होती. वरचा लोंबता दिवा बारीक हलत होता. मीही धावत जाऊन ते बघितलं. मग हळूहळू दोन्ही थांबलं.

भूकंप नव्हताच. ती मुलगी परीक्षेसाठी शहरात आपल्या आजीकडं आली होती, आणि आजीच्या घराखालून भुयारी रेल्वे जाते. लातूरला एकदा रेल्वेनं पाणी आणलं होतं, तिकडच्या रेल्वेनं पाणी नुसतं हलवलं आणि आमची वाट लागली. मुलगी जिन्यावरून उतरून रस्त्यावर उभी राहिली, लोक आपापल्या वाटेनं जात होते, तशी ती परत वर आली. तोवर यंत्रानं तिचा पेपर बंद केला होता. परीक्षार्थीनं जागा सोडली, परीक्षा रद्द. पुढची संधी पुढच्या वर्षी.

वर्ष जाणं म्हणजे काय, हे लातूरला सांगायला लागत नाही. आमच्या मधल्या मजल्यावर सगळी वर्ष गेलेलीच पोरं बसतात. चांगुणाताईंची लेक लुंबिनीसुद्धा तिथंच बसत होती. थोडक्यात हुकलेली. घरात त्या मुलीसमोर मोठ्यानं टीव्ही लावायची कुणाची टाप नव्हती.

मुलीनं तक्रार केली की कुठलीतरी बाई परक्या भाषेत किंचाळली. देखरेख कार्यालयानं मला विचारलं: तुमच्याकडून परीक्षेदरम्यान कुणी बोललं का? हो की नाही, एवढंच कळवा. गंमत अशी की पुरावा कुठंच नव्हता. आमचा आवाज त्यांच्याच कायद्यानं साठवला जात नाही. पाठीमागचा कॅमेरा मुका. त्यात एवढंच दिसत होतं की एक बाई उभी राहिली.

शेषेराव सर म्हणाले, "उभं राहणं काय गुन्हा हाय का? पाठ अवघडली म्हणा. मार्तंडराव, हो म्हणलात तर परवानगी गेलीच समजा. चाळीस घरं हायत वर. एका बाईपायी चाळीस घरं?"

सर वाईट माणूस नाहीत. चाळीस घरांचा हिशेब खोटाही नव्हता. मी खुर्चीत बसलो, उठलो, परत बसलो. नाही म्हटलं की मुलगी खोटी ठरते, भेदरट ठरते, तिचं वर्ष जातं, आणि ती आम्हाला कधी दिसणारही नाही. मला तेच सगळ्यात घाण वाटत होतं, की ती दिसणार नाही. दोन दिवस मी नीट जेवलो नाही आणि घरात सगळ्यांवर खेकसलो.

तिसऱ्या दिवशी चांगुणाताईच आत आल्या. "सर, हो लिवा. मी वरडले की. त्या पोरीचं कायच चुकलं न्हाई."

"ताई, तुमचं काम जाईल. वरच्या सगळ्यांचं जाईल."

"ते मला कळंना व्हय? कालपासून नीलम्मा माझ्याशी बोलंना." त्यांनी खाली बोट दाखवलं. "पण खाली माझी लुंबिनी बसली हाय. तिला कुणी असं उठवलं असतं आन् वर म्हणलं असतं की कुणीच वरडलं न्हाई, तर?"

मी हो कळवलं. शेषेराव सर माझ्याशी आठवडाभर फक्त शिपायामार्फत बोलले.

मग सुनावणी ठरली, पडद्यावरच. तिकडची एक अधिकारी बाई प्रश्न विचारणार, चांगुणाताई मराठीत उत्तर देणार, मी इंग्रजी करणार. मुलीला परीक्षेची संधी परत द्यायची हे त्यांनी आधीच कबूल केलं होतं. ते ऐकून चांगुणाताई पहिल्यांदा पोटभर जेवल्या. आता सवाल आमच्या परवानगीचा होता.

लातुरात कशाचाही क्लास लागतो. शेषेराव सरांनी चांगुणाताईंचा क्लास घेतला. राग गिळून, रोज संध्याकाळी, फळ्यावर संभाव्य प्रश्न लिहून. सर खरोखर चांगले शिकवतात, हे मला त्या आठवड्यात पुन्हा पटलं. "शेवटचा प्रश्न हमखास येणार," ते म्हणाले. "परत असं दिसलं तर काय कराल? उत्तर, पिवळं बटण दाबीन. बस. बाकी एक शब्द न्हाई. म्हणा."

"पिवळं बटण दाबीन," चांगुणाताई म्हणायच्या. दहादा म्हणायच्या. आणि घरी जाताना जिन्यात थांबून मला विचारायच्या, "सर, पिवळं बटण दाबल्यावर तिकडचं माणूस बघस्तोवर किती वेळ जातो?"

"जातो थोडा."

"थोडा म्हंजे?"

मी म्हणालो, मला नेमकं माहीत नाही. ते खरं होतं, आणि नियमपालन अधिकाऱ्याला ते माहीत असायला हवं होतं. त्या रोज विचारायच्या आणि मी रोज चिडायचो.

सुनावणीच्या दिवशी चांगुणाताई इस्त्रीची निळी साडी नेसून आल्या. पडद्यावरची अधिकारी बाई पन्नाशीची, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणं मऊ. तिनं सगळं नीट विचारलं. नियम माहीत होता का? व्हय. बटण दाबायचं नाही हे माहीत होतं? व्हय. मग का? चांगुणाताईंनी पेल्याचं सांगितलं. वडिलांचं सांगितलं. मांजराचं आणि बैलाचंही सांगितलं, ते सांगू नका म्हणून सरांनी बजावलेलं होतं. बाई ऐकत होती. मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला, अगदी फळ्यावर लिहिला होता तसाच. "आता तुम्हाला ठाऊक आहे की खाली रेल्वे होती. उद्या पुन्हा पेल्यातलं पाणी हललं, तर काय कराल?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. शेषेराव सर कॅमेऱ्याच्या पलीकडं उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत बटण दाबून दाखवलं.

चांगुणाताईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पडद्याकडं.

"वरडन," त्या म्हणाल्या.

त्या थांबल्या नाहीत. "बाईसाहेब, माझी एक मैत्रीण व्हती. माझ्या बाचा आवाज तिच्या घरापत्तोर गेला न्हाई. हितं माझ्या हाताखाली बटण व्हतं. माझा आवाज इतका लांब गेला, ती पोरगी उठली, पळाली. मी बगितलं ना. आवाज जात असताना मी गप कशी बसू? रेल्वे असंल तर मी लाजन. माफी मागन. पण आधी वरडन." मग माझ्याकडं वळून, "सांगा सर. हाय तसं सांगा."

हाय तसं सांगितलं. माझं इंग्रजी दोनदा अडखळलं, तरी एक शब्द गाळला नाही. अधिकारी बाईनं चष्मा लावला, काढला, आणि निर्णय कळवू म्हणाली. पडदा काळा झाला. शेषेराव सर भिंतीला टेकून म्हणाले, "गेलं." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

परवानगी सहा महिने थांबवली. चांगुणाताईंना वर्षभर पडद्यासमोर बसायला बंदी. वरची खोली कुलूप लावून ठेवली. बायांपैकी कुणी साड्यांच्या दुकानात लागलं, कुणी शिवणकाम काढलं. नीलम्मानं भर बाजारात चांगुणाताईंना बघून रस्ता बदलला, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि कुणाची बाजू घ्यावी ते मला कळलं नाही. चांगुणाताई खाली पुन्हा रविवारच्या टेस्टला उभ्या राहायला लागल्या. गप्पच असायच्या, पण आता एका जागी ठरत नव्हत्या. हॉलभर येरझाऱ्या घालायच्या. पोरांनी तक्रार केली, मॅडमच्या चपलांचा आवाज येतो. मग अनवाणी फिरायला लागल्या. लुंबिनीला त्याच वर्षी नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक बाईच्या घरी स्वतः जाऊन दिले. नीलम्मानं पेढा घेतला. बोलली नाही, पण घेतला.

सहा महिन्यांनी खोली उघडली, आणि वर्ष सरलं तेव्हा तिकडून सुधारित नियमावली आली. मी ती चहा पीत वाचत होतो आणि एका कलमावर चहा तसाच राहिला. आमच्यामुळं, म्हणजे चांगुणाताईंमुळं घातलेलं नवं कलम. परीक्षार्थीच्या जिवाला धोका दिसल्यास पर्यवेक्षकाला त्याच्याशी बोलता येईल. मी पळत खाली गेलो. हॉलच्या दारातच त्यांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. पण कलम अजून संपलेलं नव्हतं, आणि घाईत ते मी बघितलं नव्हतं. पुढं लिहिलेलं होतं: केंद्रप्रमुखाची पूर्वपरवानगी घेऊन.

चांगुणाताई ऐकत राहिल्या. मग एकदम हसल्या. मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच बघत होतो. "म्हंजे पेला हलला की मी उठायचं, तुमाला हुडकायचं, तुमी चहाला गेला असला तर खाली यायचं, परवानगी घ्यायची, वर जायचं, मग वरडायचं?"

मी संतापलो. कुणावर, ते सांगता येणार नाही. त्या मऊ बोलणाऱ्या बाईवर, त्या देशावर, कलमं लिहिणाऱ्या जगातल्या सगळ्या माणसांवर, ज्यांच्या घरात कधी भांडी वाजली नाहीत. दिवसभर वर-खाली करत राहिलो. कलम पुन्हा पुन्हा वाचलं. संध्याकाळी कधीतरी लक्षात आलं की परवानगी पूर्व हवी एवढंच लिहिलंय. किती पूर्व, ते लिहिलेलं नाही.

चांगुणाताईंची बंदी उठल्यानंतरचा पहिला दिवस. दुपारी बाया आपापल्या जागी बसल्या, मोबाइल कपाटात गेले, हेडफोन अजून गळ्यात होते. नीलम्मा आपली खुर्ची थोडी सरकवून चांगुणाताईंना वाट देत होती. मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो. पाठीमागचा कॅमेरा चालू होता. मुका असला तरी बघतो आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याच्याकडं तोंड करून, भाईर-व्यंकट ओरडत असतील तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "आज कुणाच्या जिवाला धोका दिसला तर बोलायची परवानगी आहे. सगळ्यांना. आत्ताच दिली."

बाया दचकल्या. खालच्या मजल्यावर रिपीटरच्या वर्गातलं शिकवणं क्षणभर थांबलं. मग शेषेराव सरांचा आवाज परत सुरू झाला. चांगुणाताईंनी हेडफोन कानावर चढवला आणि सहा चौकोन उघडले.

तेव्हापासून रोज परीक्षेआधी मी हे ओरडतो. देखरेख कार्यालयानं एकदा विचारलं, केंद्रप्रमुख रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहून काय करतात? मी उत्तर पाठवलं, नियमपालन.